क्षयरोगाचे निदान व उपचार : फलटण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गंभीर अंतर्गत आजारांमध्ये क्षयरोगाचे स्थान काहीसे विसंगत आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचे जंतू दाखवून दिले, म्हणजे रोगाचे कारण ज्ञात होऊन १४० हून अधिक वर्षे लोटली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यावर परिणामकारक औषधेही उपलब्ध आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि दरवर्षी सुमारे ३ लाख भारतीय या रोगाने मृत्यू पावतात. २०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट देशाने ठरविले होते. प्रत्यक्षात ते लाख लोकसंख्येमागे २३७ वरून २०२४ मध्ये १८७ पर्यंत, म्हणजे सुमारे एक पंचमांशाने उतरले.

कारण माहीत आणि औषध अस्तित्वात असताना रोग हटत का नाही, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दारिद्र्य, दाट वस्ती व कुपोषण यांत शोधले जाते. ते खरेच आहे. परंतु त्या उत्तरात एक भाग सुटतो आणि तो वैद्यकीय व्यवहाराचा आहे. रुग्णाला पहिला खोकला आल्यापासून त्याच्या थुंकीत जंतू सिद्ध होईपर्यंतच्या काळात त्याच्यावर जे उपचार होतात, त्यांतले काही रोगाला झाकतात आणि काही त्याला अधिक चिवट करतात. प्रस्तुत लेखात या काळाचा व त्याच्या परिणामांचा विचार फलटण व एकूणच सातारा-सांगली भागाच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

कॉख यांच्या शोधानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात क्षयाने निधन झाले. आदल्याच वर्षी त्या फिलाडेल्फिया येथून वैद्यकीय पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या होत्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे येणार होती. त्या पदावर त्यांना रुजू होता आले नाही. रोगाचे नाव त्यांना व त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होते, हाती औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला आहे.

मधल्या काळात उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि पोषण. याच कल्पनेवर आरोग्यधामे उभी राहिली. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशन रुग्णालय सुरू केले आणि पुढे मिरज-सांगली रस्त्यावर, आज वानलेसवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम निघाले. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत ‘मिरजेला नेले’ या शब्दांना एक विशिष्ट, गंभीर अर्थ होता. रुग्ण महिनोन्महिने तेथे राहत असे आणि तज्ज्ञांच्या नजरेखाली असे.

ही पद्धत मोडली ती मद्रासमधील एका प्रयोगाने. १९५६ मध्ये तेथे सुरू झालेल्या केंद्रात काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून एकसारखी औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरी उपचार घेतलेल्यांची प्रगती जवळजवळ तेवढीच चांगली होती आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागणही झाली नाही. जगभरातील आरोग्यधामे त्यानंतर क्रमाने ओस पडली. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठीच मुक्तता होती. मात्र तिचा एक परिणाम फारसा नोंदविला जात नाही. क्षयरोग तज्ज्ञांच्या आवारातून बाहेर पडला आणि त्याला प्रथम ओळखण्याची जबाबदारी गल्लीतील, बाजारपेठेतील, वाडीवस्तीवरील डॉक्टरांवर येऊन पडली.

निदानापूर्वीचे आठवडे

फलटण तालुक्याचा कालव्याखालील भाग उसाचा आणि उरलेला पर्जन्यछायेतील आहे. तालुक्याच्या गावी उपजिल्हा रुग्णालय व अनेक खाजगी दवाखाने आहेत. अधिक गंभीर रुग्ण सातारा, बारामती, कराड, मिरज किंवा पुणे यांपैकी कोठेतरी पाठविला जातो. या पट्ट्यातील एखाद्या पंचेचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याची कल्पना करावी. त्याला तीन आठवडे खोकला आहे, संध्याकाळी कणकण वाटते, भूक मंदावली आहे. प्रथम तो औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणतो. मग जवळच्या डॉक्टरांकडे जातो. तेथे पाच दिवसांचे प्रतिजैविक मिळते व थोडे बरे वाटते. खोकला पुन्हा सुरू झाल्यावर दुसरे डॉक्टर ‘दम्याचा अंश’ म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा वाफारा देतात. भूक सुधारते, ताप उतरतो. दीड महिन्याने वजन बरेच घटलेले असते आणि थुंकीत रक्ताचा धागा दिसतो. तेव्हा कोठे छातीचा एक्स-रे निघतो.

या कल्पित प्रवासात कोणीही हेतुपुरस्सर चूक केलेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. खोकल्याचे बहुतेक रुग्ण साध्या संसर्गाचेच असतात आणि प्रत्येकाला क्षयाच्या तपासणीस पाठविणे व्यवहार्य वाटत नाही. पण येथे दोन औषधांचा विशेष विचार करावा लागतो. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविकांना क्षयाचे जंतूही काही प्रमाणात बळी पडतात. छातीच्या साध्या संसर्गासाठी ती दिली तर क्षयाचा रुग्णही काही दिवस सुधारतो, थुंकीतील जंतूंची संख्या कमी होऊन चाचणी नकारात्मक येऊ शकते आणि निदान लांबते. त्याहून वाईट असे, की एकट्या औषधाला सामोरे गेलेल्या जंतूंतून त्या औषधाला न जुमानणारे निवडले जातात. हाच औषधगट पुढे प्रतिरोधी क्षयासाठी राखून ठेवावा लागतो. स्टेरॉइडचे काम याहून सरळ आहे. ते ताप व दाह दडपते आणि त्याच वेळी शरीराची प्रतिकारशक्ती खाली आणते. रुग्णाला बरे वाटते आणि रोग पसरतो.

ही परिस्थिती केवळ तर्काची नाही. दिल्लीत प्रशिक्षित व्यक्तींना क्षयाची लक्षणे सांगणारे रुग्ण म्हणून खाजगी दवाखान्यांत पाठवून एक अभ्यास करण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार २५० भेटींपैकी केवळ ५२ भेटींत, म्हणजे २१ टक्के वेळा, रुग्णाला योग्य प्रकारे हाताळले गेले. त्यातील एक बारकावा बोलका आहे. ज्या ‘रुग्णां’नी आधीच क्षयाचे निदान झाल्याचा कागद दाखविला किंवा थुंकीचा अहवाल पुढे केला, त्यांना मिळालेली वागणूक पुष्कळ चांगली होती. म्हणजे ज्ञान होते. पुरावा समोर येईपर्यंत ते वापरले जात नव्हते.

दुसऱ्या बाजूने रुग्णही उशीर करतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कोणत्याही डॉक्टरकडे गेलेले नव्हते. त्याच सर्वेक्षणात आढळलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण एक्स-रे काढला नसता तर सुटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणेच नव्हती. केवळ ‘दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे का’ एवढ्या प्रश्नावर उभारलेल्या शोधमोहिमेची मर्यादा या आकड्याने उघड केली. डिसेंबर २०२४ मध्ये देशातील ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेत हातात नेता येणारी एक्स-रे यंत्रे वापरण्यामागे हेच कारण होते.

पुराव्याचे प्रश्न

क्षयाचा खात्रीचा पुरावा म्हणजे जंतू स्वतः. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसण्यासाठी थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. म्हणून बाधा असूनही थुंकी ‘निगेटिव्ह’ येणारे रुग्ण पुष्कळ असतात. जंतू वाढवून पाहण्याची कल्चर चाचणी फार थोड्या जंतूंनाही पकडते, परंतु घन माध्यमात तिला ६ ते ८ आठवडे लागू शकतात. जनुकीय चाचण्यांनी ही कोंडी फोडली. सीबीनॅट या नावाने सर्वांना परिचित असलेले यंत्र सुमारे दोन तासांत जंतू आहेत की नाही आणि ते रिफाम्पिसिनला दाद देतील की नाही, ही दोन्ही उत्तरे देते. त्याच धर्तीची ट्रूनॅट ही चाचणी गोव्यातील मोलबायो कंपनीची. बॅटरीवर चालणारे, वातानुकूलित खोलीची अट नसलेले हे यंत्र ग्रामीण केंद्रांसाठी अधिक सोयीचे ठरले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली.

यंत्र कितीही चांगले असले तरी त्याला नमुना द्यावा लागतो. अनेक रुग्ण डबीत लाळ टाकून देतात. छातीतून खोल खोकून काढलेला सकाळचा बेडका आणि तोंडातील लाळ यांतील फरक समजावून सांगण्यास दोन मिनिटे लागतात आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तीच नसतात. बहुतेक चुकलेल्या निदानांच्या मुळाशी अशी क्षुल्लक वाटणारी गोष्ट सापडते.

रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या एकेकाळी खाजगी प्रयोगशाळांत सर्रास होत. त्या निरोगी माणसाला रोगी व रोग्याला निरोगी ठरवीत. जून २०१२ मध्ये केंद्र शासनाने त्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले.

फुप्फुसाबाहेरचा क्षय ही याहून अवघड बाब. गळ्याच्या गाठी, छातीत झालेले पाणी, मणका, आतडे, मेंदूचे आवरण यांत जंतू अल्प असतात आणि नमुना मिळविण्यासाठी सुई, दुर्बीण किंवा शस्त्रक्रिया लागते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स या नावाचा आतड्याचा दाह यांची लक्षणे, दुर्बिणीतून दिसणारे व्रण, अगदी तुकड्याच्या तपासणीतील चित्रही पुष्कळदा सारखे असते. उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लागतात आणि तीच क्षयाच्या रुग्णाला दिली तर रोग भडकतो. अशा वेळी अनेक तज्ज्ञ प्रथम क्षयाचे उपचार सुरू करून दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पुन्हा पाहतात. पुराव्याअभावी निवडलेला हा मार्ग असला तरी त्याला मुदत आहे आणि फेरतपासणीची अट आहे. हीच अट नसलेले अंदाजी उपचार धोक्याचे.

उलट दिशेची चूक

क्षयाचे निदान उशिरा होणे जेवढे घातक, तेवढेच ते घाईने होणेही घातक असते. डॉक्टरांच्या बोलीत ‘एकेटी’ म्हणून ओळखली जाणारी क्षयविरोधी औषधे केवळ एक्स-रेवरील सावली पाहून सुरू करण्याची सवय जुनी आहे. त्या सावलीमागे फुप्फुसाचा कर्करोग असू शकतो, बुरशीचा संसर्ग असू शकतो किंवा पूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही असू शकतो. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या स्त्रियांचा जुनाट दमा अनेकदा असाच क्षय समजला जातो. कर्करोगाच्या रुग्णाचे तीन-चार महिने एकेटीवर गेले, तर शस्त्रक्रियेची संधी निघून जाते. थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि दोन महिन्यांच्या औषधाने सावली हलली नाही, तर निदानाचा पुनर्विचार करणे ही साधी शिस्त आहे. परंतु एकदा फाइलवर ‘क्षय’ लिहिले गेले की पुढचे डॉक्टर तो शब्द सहसा खोडत नाहीत.

मधुमेहाची जोड

क्षय हा उपासमारीचा आणि मधुमेह हा सुबत्तेचा रोग, ही समजूत आता टिकत नाही. मधुमेही व्यक्तीला क्षय होण्याचा धोका इतरांहून दुप्पट-तिप्पट असतो. तिच्या एक्स-रेमध्ये सावली नेहमीच्या वरच्या भागाऐवजी खालच्या भागात दिसू शकते, त्यामुळे ती न्यूमोनिया म्हणून सोडून दिली जाते. उपचारातही पेच आहे. रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवून ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या औषधांचा प्रभाव कमी करते. साखर वाढते आणि वाढलेली साखर क्षय बरा होऊ देत नाही. अशा रुग्णाला काही काळ इन्सुलिन घ्यावे लागेल, हे सांगणे डॉक्टरांना जड जाते आणि ऐकणे रुग्णाला त्याहून जड. कार्यक्रमाच्या नियमानुसार प्रत्येक क्षयरुग्णाची साखर व एचआयव्ही तपासणी आवश्यक आहे. उलट बाजूने मधुमेहाच्या नियमित रुग्णाला खोकल्याविषयी विचारण्याची प्रथा मात्र अद्याप दुबळी आहे.

उपचारांची गुंतागुंत

औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचे उपचार कागदावर सोपे आहेत. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल, आणि पुढे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. वजनानुसार गोळ्यांची संख्या ठरते. २०१७ पर्यंत शासकीय कार्यक्रमात ही औषधे आठवड्यातून तीनदा दिली जात. त्यानंतर ती रोज देण्यास सुरुवात झाली. दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढते आणि नेमके त्याच वेळी औषध सोडण्याचा मोह होतो. त्याआधी अनेकांना मळमळ होते, लघवी केशरी होते. काहींच्या यकृताला सूज येऊन कावीळ होते. तेव्हा औषधे थांबवून एकेक करून पुन्हा सुरू करावी लागतात. हे काम धीराचे आहे आणि ते चुकले की रुग्ण एक-दोन औषधांवरच राहतो.

एका औषधावर किंवा अपुऱ्या मात्रेवर राहिलेला रुग्ण प्रतिरोधी क्षय निर्माण करतो, ही गोष्ट वैद्यकीय विद्यार्थ्यालाही माहीत असते. तरीही मुंबईतील धारावीत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या आणि त्यांतील केवळ ६ जणांची चिठ्ठी बरोबर होती. या दुसऱ्या अभ्यासाचे एक लेखक डॉ. झरीर उदवाडिया. त्यांनीच पुढे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या चार रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले आणि जानेवारी २०१२ मध्ये देशभर खळबळ उडाली. ‘संपूर्ण प्रतिरोधी’ या संज्ञेवर शासनाने व जागतिक आरोग्य संघटनेनेही आक्षेप घेतला. संज्ञेच्या वादात त्या वृत्तातील एक तपशील मागे पडला. त्यांपैकी तीन रुग्णांना १८ महिन्यांच्या काळात सरासरी चार खाजगी डॉक्टरांनी दुसऱ्या फळीतील औषधे एकेक करून, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत, दिली होती. रोगाचा तो प्रकार आभाळातून पडला नव्हता, तो चिठ्ठ्यांवर घडला होता.

प्रतिरोधी क्षयाच्या जुन्या उपचारांना दोन वर्षांपर्यंतचा काळ लागे आणि त्यांत महिनोन्महिने इंजेक्शने असत. कानामायसिनने कायमचे बहिरेपण येऊ शके. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांनी आतड्याच्या क्षयावरील उपचारांत आपली श्रवणशक्ती गमावली. पुढे बेडाक्विलिन या नव्या औषधावरील मक्तेदारी लांबविण्याच्या अर्जाला त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह आव्हान दिले आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड व लिनेझोलिड, त्यांसोबत गरजेनुसार मॉक्सिफ्लॉक्सासिन, अशी सहा महिन्यांची तोंडावाटे घ्यावयाची योजना मान्य केली. लिनेझोलिडने हातापायांच्या नसा, दृष्टी व रक्तपेशी यांना इजा होऊ शकते, म्हणून रक्ताची तपासणी नियमित व्हावी लागते. आणि या योजनेतील चौथे औषध तेच, जे पहिल्या खोकल्याला सहज लिहून दिले जाते.

ऊसतोडीचा हंगाम आणि सहा महिने

फलटण, साखरवाडी व आसपासच्या कारखान्यांसाठी बीड व मराठवाड्याच्या अन्य भागांतून ऊसतोड टोळ्या येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतचा हा हंगाम आणि क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार यांची लांबी योगायोगाने सारखी आहे, पण त्यांचा आरंभ क्वचितच जुळतो. ऑगस्टमध्ये गावी औषध सुरू झालेला मजूर अर्धा उपचार शिल्लक असताना स्थलांतर करतो. जानेवारीत फडावर निदान झालेली स्त्री तिसऱ्या महिन्यात परत जाते. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकाने आजारपण काढले तर खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. आजार लपविण्याला येथे आर्थिक कारण आहे, अज्ञान नव्हे.

निक्षय प्रणालीत प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक मिळतो आणि त्या आधारे त्याची नोंद एका तालुक्यातून दुसऱ्यात हलविता येते. पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये थेट खात्यात देण्याची योजना आहे. पोषणाचे महत्त्व गौण नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबीयांना शिधा दिल्याने त्यांच्यात क्षयाचे नवे रुग्ण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाले. तसेच पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटले. उसाच्या फडावर पहाटेपासून राबणाऱ्या शरीराला एवढी वजनवाढ मिळविणे सोपे नाही. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर देशाच्या अनेक भागांत औषधांचाच तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगितले. अशा वेळी क्रमांक हलतो, गोळ्या हलत नाहीत.

उपचारात महिनाभराचा किंवा त्याहून मोठा खंड पडल्यास थुंकीची तपासणी पुन्हा करून, प्रतिरोध नाही ना हे पाहूनच पुढील औषधे ठरवावी लागतात. टोळी उठल्यानंतर गावी पोहोचणे, घर लावणे, खुरपणीला लागणे आणि मग आरोग्य केंद्राचा शोध घेणे यांत तो महिना सहज निघून जातो. गावच्या केंद्रातील डॉक्टरांसमोर तेव्हा खोकला थांबलेला, अर्ध्या पाकिटासह आलेला एक मनुष्य असतो. त्याला बेडकाही येत नसतो आणि फलटणला त्याची पहिली तपासणी कोणत्या यंत्रावर झाली होती, हे त्याला सांगता येत नाही.